के-जेट्रॉनिक इंजिनाच्या इंधन-मिश्रणाची जुळणी: शेवटी फिरवायचा स्क्रू

बॉश कंपनीने १९७३ साली आणलेली के-जेट्रॉनिक ही इंधन-फवारणीची पद्धत पुढची वीसेक वर्षे युरोपातल्या असंख्य पेट्रोल गाड्यांमध्ये वापरली गेली. पोर्शे ९११, फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, व्होल्वो २४० आणि मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील २३०ई व २८०ई ही त्यांतली काही परिचित नावे आहेत. यांपैकी २३०ई ही १९८० साली आलेली, २२९९ घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरी एम १०२ इंजिनाची गाडी मी स्वतः सांभाळतो, म्हणून या लेखातील उदाहरणे मुख्यतः तिची आहेत. परंतु पद्धत के-जेट्रॉनिक असलेल्या इतर गाड्यांनाही थोड्या फरकाने लागू पडते. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे आणि जे पाना हातात घ्यायला तयार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मिश्रणाचा स्क्रू हा या कामातला पहिला नव्हे, अगदी शेवटचा टप्पा आहे, आणि ही गोष्ट न पाळल्यामुळे कित्येक चांगली इंजिने वर्षानुवर्षे वाईट चालत राहिलेली मी पाहिली आहेत.

ही यंत्रणा चालते कशी, हे डोळ्यांसमोर असल्याशिवाय तिला हात लावू नये. नावातला 'के' हा 'अखंड' या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर आहे. इंजिन चालू असेपर्यंत चारही इंजेक्टर न थांबता पेट्रोल फवारत असतात, आणि किती फवारायचे हे मूळ स्वरूपात कोणताही संगणक ठरवत नाही. इंजिन जी हवा ओढते ती शंकूच्या आकाराच्या एका नळकांड्यातून जाते आणि तिथे बसवलेल्या गोल तबकडीला ढकलते. तबकडी एका तरफेवर आहे, तरफेचे दुसरे अंग फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटून देणाऱ्या भागातला, प्लंजर नावाचा दट्ट्या वर उचलते, आणि प्लंजर जितका वर जाईल तितक्या बारीक खाचा उघडून प्रत्येक इंजेक्टरकडे पेट्रोल जाते. प्लंजरला वरून खाली दाबणारा पेट्रोलचा दाब असतो, त्याला कंट्रोल प्रेशर म्हणतात, आणि तो वॉर्म-अप रेग्युलेटर ठरवतो. हा दाब कमी असेल तर तेवढ्याच हवेला तबकडी जास्त सरकते आणि मिश्रण घट्ट होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते आणि मेकॅनिकच्या भाषेत इंजिन रिच चालते. दाब जास्त असेल तर मिश्रण पातळ, म्हणजे लीन होते. मिश्रणाचा स्क्रू या तरफेतच असतो. तबकडीची जागा न हलवता प्लंजर किंचित वर किंवा खाली धरणे एवढेच त्याचे काम आहे, आणि म्हणूनच त्याचा परिणाम आयडलिंगला, ज्याला आपल्याकडे 'स्लो' म्हणतात, सर्वांत जास्त जाणवतो आणि हवा जसजशी वाढते तसतसा त्या प्रमाणात घटत जातो.

यातूनच सर्वांत मोठी चूक कशी घडते ते समजते. मी गाडी घेतली तेव्हा ती शंभर किलोमीटरला अवाजवी पेट्रोल पीत होती, महामार्गावर चालवून आल्यावर प्लग काळे मिळत होते, आणि तरीही स्लोवर इंजिन अडखळत होते. आधीच्या कोणत्या तरी गॅरेजमध्ये मिश्रण रिच करून स्लो कसाबसा सावरलेला होता. खरा दोष इंजेक्टरच्या बुडाशी असलेल्या रबरी सीलमध्ये होता: ती सील प्लॅस्टिकसारखी कडक झाली होती आणि तिथून इंजिन तबकडीला न भेटलेली हवा ओढत होते. स्लोवर एकूण हवाच थोडी असल्यामुळे ही चोरटी हवा मोठा वाटा घेते आणि मिश्रण लीन होते. वेगात तिचा वाटा नगण्य होतो, आणि तेव्हा स्लोसाठी वाढवलेले पेट्रोल निव्वळ जास्तीचे ठरते. सील बदलल्याबरोबर धुरातील कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ, पाच टक्क्यांच्या वर गेला, कारण स्क्रू अजून जुन्या दोषाची भरपाई करत होता. तो परत जागेवर आणल्यावर गाडी पहिल्यांदा नीट चालली.

स्क्रूच्या आधीची तपासणी

हवेची गळती शोधण्याची सोपी परीक्षा अशी आहे की गरम इंजिन स्लोवर चालू असताना तेल भरण्याचे झाकण उघडावे. क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या घराची, हवा इनटेकला जोडलेली असल्यामुळे निरोगी इंजिन लगेच लडखडते किंवा बंद पडते. काहीच फरक पडला नाही तर इंजिन आधीपासूनच दुसरीकडून भरपूर हवा ओढत आहे असे समजावे. मग तबकडीनंतरच्या जाड रबरी नळीच्या घड्या हाताने ताणून त्यांत चिरा आहेत का पाहाव्यात, इंजेक्टरची सील, इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, तेलाच्या डिपस्टिकचे रबर आणि कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हचे गॅस्केट तपासावे. काही लोक गरम इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून गळती शोधतात. आगीचा धोका पाहता मी तसे करत नाही आणि करू नये असेच सांगेन. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये धूर सोडणारे यंत्र असलेले गॅरेज आता बऱ्याच शहरांत मिळते, आणि त्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

त्यानंतर ठिणगीकडे वळावे. प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप व रोटर सुस्थितीत असावेत आणि टायमिंग पुस्तकात दिल्याप्रमाणे असावे. एक सिलिंडर जरी मिसिंग करत असेल, म्हणजे त्यातले पेट्रोल पेटत नसेल, तरी धुराचे आकडे खोटे बोलू लागतात, कारण न जळलेले पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही सायलेन्सरमधून बाहेर पडतात. एअर फिल्टर स्वच्छ असावा, आणि सायलेन्सरच्या जोडांतून गळती नसावी.

तबकडी स्वतः पाहण्यासाठी एअर फिल्टर किंवा रबरी नळी काढावी लागते. मर्सिडीजमध्ये हवा वरून खाली जाते, त्यामुळे तबकडी खाली दाबली की उघडते. फोक्सवॅगन व व्होल्वोमध्ये हवा खालून वर जाते, त्यामुळे ती लोहचुंबकाने किंवा पकडीने वर उचलावी लागते. इंजिन बंद आणि गार असताना तबकडी शंकूच्या मध्यभागी, सगळीकडे सारखी फट ठेवून बसलेली असावी आणि कुठेही घासत नसावी. पेट्रोलचा दाब तयार असताना ती सावकाश उघडली तर आरंभापासून शेवटपर्यंत सारखाच विरोध जाणवला पाहिजे. मध्येच अडकत असेल तर प्लंजरवर चिकटा किंवा गंज आहे, आणि अशा वेळी मिश्रण जुळवण्यात काहीही अर्थ नाही. लक्षात ठेवावे की पंप चालू असताना तबकडी उघडली की चारही इंजेक्टरमधून पेट्रोल थेट इंजिनात जाते, म्हणून ही परीक्षा पंप एकदा चालवून बंद केल्यावर, उरलेल्या दाबावर आणि क्षणभरच करावी.

आता दाब. या टप्प्याला बगल देण्याचा मोह होतो, पण माझ्या मते गेज लावल्याशिवाय के-जेट्रॉनिकची जुळणी करणे म्हणजे अंधारात सुई ओवणे आहे. फ्युएल डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर यांच्यामधल्या नळीत झडप असलेला गेज बसवतात. रेग्युलेटरकडची झडप बंद केली की यंत्रणेचा मूळ दाब दिसतो, जो बहुतेक गाड्यांत ५ बारच्या आसपास असतो. झडप उघडली की कंट्रोल प्रेशर दिसते. गार इंजिनात ते बरेच कमी असते आणि रेग्युलेटरमधली विजेवरची पट्टी तापू लागली की काही मिनिटांत चढत जाऊन साधारण ३.४ ते ३.८ बारवर स्थिरावते. नेमका आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि तो गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावा. रेग्युलेटरचा वीजपुरवठा तुटला असेल तर हा दाब नीट चढत नाही आणि गरम इंजिन रिच राहते. अशा गाडीचे मिश्रण स्क्रूने लीन करून 'बरे' केले तर पुढे वायर जोडल्याच्या दिवशी ती सुरूच होईनाशी होते. नळी सोडण्यापूर्वी दाब उतरवावा, जोडाभोवती कापड गुंडाळावे, इंजिन गार असावे आणि अग्निशामक हाताशी असावा. हे काम बंद गॅरेजात कधीही करू नये, कारण ज्या वायूचे आपण मोजमाप करत आहोत तो माणसाला न कळता मारतो.

इंजेक्टरही याच वेळी पाहून घ्यावेत. ते काढून चार सारख्या बाटल्यांत तोंडे धरली आणि पंप चालू ठेवून तबकडी थोडी उघडली, तर चारही बाटल्यांत जवळजवळ सारखे पेट्रोल यायला हवे आणि फवारा धुक्यासारखा शंकूच्या आकाराचा दिसायला हवा. एखादा इंजेक्टर धार सोडत असेल किंवा तबकडी मिटल्यावरही ठिबकत असेल तर तो बदलण्यालाच पर्याय नाही.

इथेनॉलमुळे बदललेले गणित

भारतात या गाड्या चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. या गाड्या बनल्या तेव्हा इंधन म्हणजे शुद्ध पेट्रोल होते, ज्याचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. शुद्ध इथेनॉलला फक्त ९ किलो पुरते. आपल्या पंपांवर आज मिळणाऱ्या, वीस टक्के इथेनॉल असलेल्या ई२० इंधनाला साधारण साडेतेरा किलो हवा हवी असते. संगणक आणि ऑक्सिजन सेन्सर असलेली आधुनिक गाडी हा फरक आपोआप भरून काढते. के-जेट्रॉनिकचा प्लंजर मात्र पूर्वीइतकेच लिटर मोजून देतो, आणि परिणामी शुद्ध पेट्रोलवर बरोबर जुळवलेले इंजिन ई२० वर सुमारे सात-आठ टक्के लीन चालते. गार इंजिन धक्के देणे, पिकअप देताना इनटेकमध्ये फटका बसणे, स्लो खालीवर होणे या तक्रारी अनेक जुन्या गाड्यांत अलीकडे वाढल्या आहेत, त्यांचे एक साधे कारण हे आहे. तेव्हा ज्या इंधनावर गाडी नेहमी चालणार आहे तेच टाकीत भरून जुळणी करावी. जुळणीने मिश्रण सुधारते, पण इथेनॉल जुन्या रबराला आणि धातूला जे करते ते थांबत नाही. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतली ओल शोषते आणि अत्यंत अरुंद फटीत सरकणाऱ्या प्लंजरला एवढा गंजही पुरेसा होतो.

जुळणी

लागणारी साधने थोडीच आहेत: लांब दांड्याची ३ मिलिमीटरची ॲलन की, इंजिनाच्या फेऱ्यांचा मीटर आणि सीओ मोजणारे यंत्र. चार वायू मोजणारे यंत्र मिळाल्यास उत्तम, कारण त्यावर हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजनही दिसतात. पीयूसी केंद्रावर हेच यंत्र असते, आणि ओळखीच्या केंद्रचालकाने अर्धा तास दिला तर काम तिथेही होते. फक्त पीयूसीत पास झाली म्हणजे मिश्रण बरोबर आहे असे मानू नये. भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकीला स्लोवर ३ टक्के सीओपर्यंत मुभा आहे, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) नसलेल्या के-जेट्रॉनिक इंजिनाला हवा असतो साधारण ०.५ ते १.५ टक्के. बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा अंतिम मानावा.

गाडी वीसेक मिनिटे रस्त्यावर चालवून आणावी, म्हणजे तेल ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. नुसते उभ्या उभ्या इंजिन चालवून तेवढी उष्णता तेलात उतरत नाही. एसी, दिवे आणि इतर विजेची साधने बंद ठेवावीत. गार इंजिनाला जादा हवा देणारा ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह पूर्ण मिटला आहे ना, हे त्याची नळी चिमटीत दाबून पाहावे: दाबल्यावर फेरे घटले नाहीत तर तो मिटलेला आहे. आधी स्लोच्या स्क्रूने फेरे ठरलेल्या आकड्यावर आणावेत, यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये किमान फूटभर आत घालावी आणि सुरुवातीचा सीओ लिहून ठेवावा.

मिश्रणाच्या स्क्रूचे भोक फ्युएल डिस्ट्रिब्युटर आणि तबकडीचे घर यांच्या मध्ये असते आणि त्यात कारखान्याने बसवलेले बूच असते. बूच काढताना त्याचा चुरा आत पडू देऊ नये. ॲलन की अलगद खाली सोडावी आणि स्क्रूच्या षट्कोनात ती बसल्याचे बोटांना जाणवेपर्यंत धीर धरावा. काही मर्सिडीज गाड्यांत स्क्रूवर स्प्रिंगची बैठक असते, तिथे किंचित दाबल्यावरच चावी आत बसते. चावीचे वजनसुद्धा तरफेवर पडते, म्हणून ती आत असताना फेरे बदलणे स्वाभाविक आहे; चावी आत असताना ॲक्सिलरेटरला मात्र कदापि हात लावू नये, कारण हलणारी तरफ चावीवर आपटून वाकू शकते.

घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की मिश्रण रिच होते, उलट फिरवले की लीन. एका वेळी किती फिरवायचे, तर घड्याळाच्या तबकडीवर तासकाटा अर्ध्या तासात जेवढा सरकतो तेवढेच. हे प्रमाण हास्यास्पद रीतीने कमी वाटेल, पण एवढ्यानेही सीओ स्पष्ट हलतो. फिरवून झाले की चावी पूर्ण काढावी, भोक बोटाने किंवा बुचाने बंद करावे, इंजिनाला एकदा हलकीशी रेस द्यावी आणि आकडा स्थिर होण्यासाठी निदान अर्धा ते एक मिनिट थांबावे. भोक उघडे राहिले तर तिथूनही हवा जाते आणि यंत्र दाखवते ते खरे नसते. ज्या गाडीत फिल्टर काढल्याशिवाय भोकापर्यंत पोचता येत नाही, तिथे शेवटचा आकडा फिल्टर बसवूनच वाचावा. सीओ बदलला की फेरेही बदलतात, म्हणून मधूनमधून स्लोचा स्क्रू पुन्हा जागेवर आणावा लागतो, आणि दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर येईपर्यंत ही ये-जा चालते. मी नेहमी इच्छित आकड्यापेक्षा किंचित लीन बाजूला जातो आणि शेवटचा स्पर्श रिचच्या दिशेने करतो, म्हणजे आट्यांतली ढिलाई एका बाजूला बसते आणि जुळणी पुढच्या खड्ड्यात हलत नाही.

सीओ योग्य असूनही हायड्रोकार्बन खूप जास्त असेल तर एखादा सिलिंडर जळत नाही. ऑक्सिजन जास्त असेल तर सायलेन्सरमध्ये बाहेरची हवा शिरते आहे किंवा मिसिंग आहे. दोन्ही वेळा स्क्रू सोडून आधीच्या टप्प्याकडे परत जावे.

यंत्र मिळालेच नाही तर तबकडीवरून अंदाज घेता येतो. गरम इंजिन स्लोवर असताना तबकडी बोटाने अगदी हलकेच उघडण्याच्या दिशेने नेली आणि फेरे वाढले, तर मिश्रण लीन आहे. मिटण्याच्या दिशेने नेल्यावर वाढले, तर रिच आहे. दोन्हीकडे फेरे थोडे घसरले, तर आपण योग्य जागेच्या जवळ आहोत. यंत्रापर्यंत गाडी नेण्यापुरतीच ही रीत वापरावी.

स्क्रू कोणी इतका फिरवला असेल की गाडी सुरूच होत नाही, तर इंजिन बंद ठेवून पंपाचा रिले जोडून पंप चालू करावा आणि इंजेक्टरमधून बारीक गुंजन ऐकू येईपर्यंत स्क्रू घड्याळाच्या दिशेने सावकाश न्यावा. आवाज येताच तो थांबेपर्यंत आणि त्यापुढे किंचित उलट फिरवावा आणि पंप बंद करावा. एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त गुंजन होऊ देऊ नये, नाहीतर सिलिंडरमध्ये पेट्रोल साचते. ही केवळ गाडी सुरू करण्यापुरती जागा आहे; खरी जुळणी त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणेच करायची.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असलेल्या के-जेट्रॉनिक गाड्यांत सीओ कन्व्हर्टरच्या आधी मोजावा लागतो, किंवा सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या फ्रीक्वेन्सी व्हॉल्व्हचा ड्यूटी सायकल, म्हणजे तो किती टक्के वेळ उघडा असतो, हे पाहून तो ५० टक्क्यांच्या आसपास वरखाली होत राहील अशी स्क्रूची जागा धरतात. सेन्सर एका टोकाला अडकून राहिला तर तो थकला आहे किंवा मिश्रण त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

जुळणीनंतर शंभरेक किलोमीटर गाडी चालवावी, त्यातला काही भाग मोकळ्या रस्त्यावर आणि काही शहरात असावा. नंतर प्लग काढून पाहावेत: टोकाची चिनी माती बिस्किटाच्या रंगाची असेल तर समाधान मानावे, कोरडी काजळी रिच मिश्रण सांगते आणि चुन्यासारखा पांढरा रंग लीन मिश्रण सांगतो. चारपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर स्क्रूला हात न लावता त्या सिलिंडरचा इंजेक्टर आणि त्याचे सील पाहावे. सगळे ठीक असेल तर भोकात नवे बूच ठोकून बसवावे, आणि वहीत तारीख, किलोमीटर, टाकीतले इंधन, सुरुवातीचा व शेवटचा सीओ, फेरे, कंट्रोल प्रेशर आणि स्क्रू कोणत्या दिशेला किती फिरवला हे लिहून वही गाडीच्याच कागदपत्रांत ठेवावी, म्हणजे पुढच्या खेपेला जो कोणी बॉनेट उघडेल त्याला आरंभ कुठून करायचा हे कळेल.